डिसेंबरात थांबणारे घड्याळ

मी एक जुने, चावीचे मनगटी घड्याळ आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या हातांवरची आजची घड्याळे फार हुशार आहेत. ती पावले मोजतात, झोप मोजतात, कुणाचा फोन आला की थरथरतात. मला यातले काही म्हणता काही येत नाही. मला एकच काम येते, वेळ दाखवायचे, आणि तेही रोज कुणी आठवणीने माझ्या चावीला पीळ दिला तर. पण हे एक काम मी अशा मनगटावर बसून केले की महाडपासून शिवथरपर्यंतची माणसे माझ्याकडे बघून आपला दिवस लावत असत. असा मान किती घड्याळांना मिळतो, तुम्हीच सांगा.

माझा जन्म बंगळूरचा, एचएमटीच्या कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसांनी माझी चाके एकेक करून जागेवर बसवली. चाकांच्या बारीक टोकांना टेकायला माझ्या पोटात तांबडे खडे बसवले. दागिन्यांत शोभतील असे ते खडे मी आजवर पोटातच जपले आहेत, मिरवले नाहीत. मिरवले ते नाव! माझ्या तबकडीवर ते देवनागरीत छापले होते: जनता. इंग्रजी अक्षरांच्या घड्याळांमध्ये मी आपल्या लिपीतले नाव कपाळावर घेऊन ताठ बसत असे. त्या नावाचे पुढे काय झाले, ते येईलच.

मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतले. त्या काळी असे घड्याळ दुकानात गेले आणि उचलले, असे मिळत नसे. नाव नोंदवून वाट पाहावी लागे. त्याने वाट पाहिली, कारण त्याच्या मुलीचे, काशीबाईचे लग्न ठरले होते. महाडजवळच्या तुडीलच्या बौद्धवाडीत मांडवातल्या सगळ्यांसमोर त्याने मला जावयाच्या मनगटावर बांधले. जावई म्हणजे गणू. त्याला एसटीत कंडक्टरची नोकरी नुकतीच लागली होती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आता गाडी सुटायला एक मिनिट इकडं नाय की तिकडं नाय."

"नाय होणार," गणू म्हणाला. हे वचन होते हे त्या मांडवात बहुतेक दोघांनाच कळले, एक त्याला आणि एक मला.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. म्हणून गणूचे गणूमास्तर झाले आणि मी मास्तरांचे घड्याळ. त्यांच्याकडे शिवथरची मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी महाडहून निघायची, बिरवाडी ओलांडून खोऱ्यात शिरायची, रात्री गावातच थांबायची आणि उजाडताना पोरांना, दूधवाल्यांना, दवाखान्यात निघालेल्यांना घेऊन महाडला परतायची. शिवथरच्या घळीच्या दर्शनाला आलेले भाविकही त्यातच. रस्त्यावरच्या घरांतून बाया हाक मारायच्या, "मास्तर, किती वाजले?" मास्तर खिडकीतून हात बाहेर काढून मला दाखवायचे. त्या बायांतल्या कितीतरी जणींना घड्याळ वाचता येत नव्हते. तरी मला पाहून त्या समाधानाने मान हलवायच्या. मला तर वाटे, सूर्य उगवतो तो माझी परवानगी घेऊनच. गर्वाचे घर खाली म्हणतात, पण मी मनगटावर होतो, त्यामुळे फार खाली यायची वेळ आली नाही.

मला चावी द्यायचे काम मात्र मास्तरांचे नव्हते. ते काशीबाईंचे. मास्तर ड्युटीवर निघाले की त्या ओले हात पदराला पुसत, मला कानाशी धरत आणि बोटाला ताण लागेपर्यंत हलक्या हाताने पीळ देत. ताण लागला की तिथून पुढे अर्धा वळसाही नाही. मग त्या स्वतः मला मास्तरांच्या मनगटावर बांधत. भांडण झालेले असले तरी बांधत. त्या दिवशी पट्टा एक भोक घट्ट असे, एवढेच.

सगळ्यांत मोठे भांडण झाले ते एका लग्नाला निघताना. मास्तरांच्याच गाडीने काशीबाईंना बिरवाडीला जायचे होते. कडेवर छोटा राजेंद्र होता. त्या महाडच्या स्टँडबाहेर बांगड्या भरून घेत बसल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग समोर पाहिले. काशीबाई अर्ध्या भरलेल्या बांगड्यांनिशी धावत येताना दिसत होत्या. मास्तरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि दोरी ओढली. टण् टण्! डबल बेल, म्हणजे चला. गाडी निघाली आणि काशीबाई धुरात उभ्या राहिल्या.

त्या मागच्या गाडीने आल्या आणि लग्नघरातच त्यांनी मास्तरांना गाठले. "बायकोला बघून पण दोरी वडली? मन हाय का दगड?"

"काशे, गाडी कुणासाठी थांबत नाय," मास्तर म्हणाले. "आज तुझ्यासाठी थांबली, तर उद्या सरपंचासाठी थांबंल. मग शाळेच्या पोरांनी काय करायचं?"

हे बोलणे सगळ्या मांडवाने ऐकले. पुढे तुडीलमध्ये कुणाला उशीर झाला की लोक म्हणत, "चल रे, गणूमास्तर बायकोसाठी थांबला नाय, तुझ्यासाठी थांबतोय व्हय?" काशीबाई कितीतरी दिवस मास्तरांशी बोलल्या नाहीत. चावी मात्र रोज दिली.

मास्तर मला फार जपत. महाडच्या बाजारात एक जुने घड्याळजी होते, त्यांच्याकडे ते मला नेमाने सफाईला नेत. घड्याळजी माझे मागचे झाकण उघडत, चाके पेट्रोलमध्ये धूत, सुईच्या टोकाने जिथे हवे तिथेच तेल लावत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आपली बारीक खूण कोरत. तेवढा वेळ मास्तर बाकावर मोकळे मनगट चोळत बसत. वीस मार्चला तर ते रजा टाकून मला चवदार तळ्यावर नेत. दूरदूरहून आलेल्या माणसांना ते दिवसभर पाणी देत. पाणी देताना बाही ओली होई, पण मला ते काढून खिशात ठेवत नसत. "या दिवशी हातावर असायलाच पायजे," म्हणत. त्या दिवशी मी जितका ताठ असे, तितका कधीच नसे.

मास्तर निवृत्त झाले, महाडात घर झाले, आणि काही वर्षांनी डिसेंबरच्या एका पहाटे ते गेले. घरातल्या सगळ्यांना मी रडताना पाहिले. मला रडता येत नाही. मी चालत राहिलो, कारण मास्तरांनी मला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

काशीबाईंनी मला फळीवर, मास्तरांच्या फोटोपुढे ठेवले. वर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, आणि मी. आता मला घालणारे कुणी नव्हते, तरी त्या रोज सकाळी चावी देत. पण मित्रांनो, चावी आणि सफाई यांत फरक आहे. सफाईला नेणारे मास्तर गेले होते, जुने घड्याळजीही गेले होते. काशीबाईंना एकच धास्ती, हे लोखंड गंजेल. कोकणातला पावसाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पिठाच्या डब्याला घाम येतो, तिथे माझी काय कथा! म्हणून पावसाच्या तोंडावर त्या घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल लावायला बसत. कोयत्याला, कुलपाला, दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राला. आणि शेवटी मला. सुरीच्या टोकाने झाकण उचकटायचे आणि कोंबडीचे पीस बुडवून आत छान भरपूर तेल सोडायचे. तेल कोणते? जे डोक्याला तेच घड्याळाला. खोबरेल.

मी मनात ओरडलो, "अहो काशीबाई, हे काय करता!" पण घड्याळाचे ओरडणे म्हणजे टिकटिक. त्यांना वाटले, तेलाने मला बरे वाटले.

पावसाळा नीट गेला. मग थंडी पडली. खोबरेल तेलाचे थंडीत काय होते, हे तुम्ही बाटलीत बघितलेच असेल. माझ्या पोटातही तेच झाले. चाके जड होत गेली आणि एका पहाटे मी थांबलो. ती पहाट मास्तरांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची होती. तुडीलहून माणसे आली होती. काशीबाईंनी फोटोला हार घातला, चावी द्यायला मला उचलले आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

"चावी तर पुरी हाय," त्या म्हणाल्या. "आणि चालत नाय."

सगळे मला बघायला वाकले. मग शेजारची तुळसा म्हणाली, "काशीबाय, ते शोक पाळतंय गो."

झाले! मार्चात ऊन तापले, तेल पातळ झाले, मी पुन्हा चालू लागलो. म्हणजे सुतक फिटले! पुढच्या थंडीत पुन्हा थांबलो. मधूनच दुपारी फळीवर ऊन आले की मी चार टिकटिक करीत असे, पण तेव्हा सगळे जेवून लवंडलेले असत, माझ्याकडे बघतो कोण? काशीबाईंचा मुलगा राजेंद्र सरकारी कचेरीत कारकून. सभांमधून अंधश्रद्धेवर असे बोलतो की टाळ्या पडतात. त्याने एकदाच म्हणून पाहिले, "आये, घड्याळ शोकबिक करत नाही." आईने त्याच्याकडे नुसते पाहिले. तेव्हापासून घरात त्या विषयावर सभा झाली नाही.

मला फुकटचा मान मिळत होता, आणि तो मला नको होता. माझ्या मालकाने आयुष्यात एकही गाडी उशिरा सोडली नाही, आणि त्याचे घड्याळ म्हणे दर हिवाळ्यात बसून राहते! याहून मोठी बदनामी कुठली? पण काशीबाई मला हातात घेऊन बसत तेव्हा माझा राग विरघळून जाई.

मग तो पूर आला. दोन हजार एकवीसच्या जुलैत सावित्री नदीचे पाणी महाडच्या गल्ल्यांतून घरांत शिरले आणि आमची फळी बघता बघता बुडाली. घरच्यांना शेजारच्या गच्चीवर जावे लागले. मी गाळात पडलो. पाणी ओसरल्यावर सगळे घर उपसत होते. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, राजेंद्रची कागदपत्रे गेली. काशीबाई मात्र हातांनी चिखल चाळीत बसल्या होत्या. मी सापडलो तेव्हा त्यांनी मला छातीशी धरले, चांगल्या पाण्याने धुतले, उन्हात वाळवले आणि हो, पुन्हा खोबरेल घातले. मी चाललो. पण माझी तबकडी तपकिरी डागांनी भरली आणि नाव धुऊन गेले. मी निनावी झालो. मित्रांनो, ते दुःख मला थंडीपेक्षा जड गेले.

राजेंद्रची मुलगी आम्रपाली नर्स झाली, पोलादपूरला एका दवाखान्यात लागली. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. काशीबाईंनी मला फळीवरून काढले, नवा पट्टा लावून घेतला आणि नातीच्या मनगटावर बांधले. "तुझ्या आज्याचं हाय," त्या म्हणाल्या. "चावी मी देईन." पुन्हा सकाळ, पुन्हा पीळ, पुन्हा एसटीचा प्रवास! महाड ते पोलादपूर. गाडीतली घंटा ऐकली की माझे सगळे खडे लखलखत. आता मी प्रवाशांसाठी नाही, माणसांच्या नाडीसाठी चालत होतो.

आणि डिसेंबर आला. गाडीच्या गर्दीत धक्का लागू नये म्हणून आम्रपाली मला पर्समध्ये ठेवी आणि दवाखान्यात गेल्यावर बांधी. त्या सकाळी पर्समध्ये मी गारठून गेलो होतो. मनगटावर चढलो तेव्हा चालत होतो, पण पाय ओढत. एका आजोबांच्या मनगटावर तिने बोटे ठेवली आणि माझ्याकडे बघून ठोके मोजले. माझा काटा रेंगाळला, तेवढ्यात ठोके जास्त भरले. नाडी फार जलद आहे असे वाटून ती धावत मोठ्या सिस्टरांकडे, कालिंदीबाईंकडे गेली. त्यांनी येऊन आपल्या घड्याळावर मोजले. नाडी अगदी ठीक होती.

"आम्रपाली, पेशंट बरा आहे. तुझं घड्याळ तपासून घे," त्या म्हणाल्या. "आज जास्त मोजलंस. उद्या नाडी खरंच मंद असेल आणि तुला ठीक वाटेल. हे घड्याळ पुन्हा वॉर्डात आणू नकोस."

माझ्या उभ्या आयुष्यात मला असे कुणी बोलले नव्हते. आणि ते खरे होते, हे जास्त लागले.

आम्रपाली घरी आली ती डोळे भरूनच. "आजी, हे उघडून दाखवायला हवं. नाहीतर मला घालता येणार नाही."

"उघडायचं नाय," काशीबाई म्हणाल्या. "यांचा दिवस जवळ आलाय. म्हणून ते जड झालंय."

नाताळच्या सुट्टीला आलेला प्रितम, काशीबाईंच्या मुलीचा मुलगा, मुंबईला असतो. त्याने माझा फोटो काढून फोनला विचारले आणि म्हणाला, "आजी, हा एकदम व्हिंटेज पीस आहे. स्विस असणार! आतलं मशीन फेक, सेलचं टाकून घेऊ. टेन्शन खतम." ऐका! मला विलायती ठरवायचे आणि वर माझी आतडी फेकायची!

"स्विसबिस काय नाय," काशीबाई म्हणाल्या. "त्याच्यावर आपल्या अक्षरात नाव होतं. मला वाचता येत नाय, पण आपलं अक्षर कळतं मला."

"आजी, घड्याळावर मराठी अक्षरं कधी असतात का?" प्रितम हसला.

आम्रपाली हसली नाही. ती आजीजवळ बसली. "आजी, तू भितेस कशाला? मला सांग तरी."

काशीबाईंनी माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. "ते थांबतं ना गो, तवा मला वाटतं, यांची आठवण काढणारं घरात माझ्याबिगर आणखी कोण तरी हाय. तुम्ही सगळी कामाला जाता. वाईट नाय, जायलाच पायजे. पण ते थांबतं. उघडल्यावर ते थांबायचं राहिलं तर?"

 आम्रपाली म्हणाली, "फक्त उघडून बघू. तू समोर बस. तू सांगशील तेवढंच करायचं."

जुन्या घड्याळजींच्या दुकानात आता त्यांचा मुलगा यज्ञेश्वर बसतो. वडील जितके अबोल, तितका हा बोलका. आम्ही गेलो तेव्हा, साऱ्या महाडात नवे घड्याळ कुणीही विकेल पण जुने ओळखणारा मी एकटाच, असे तो गिऱ्हाइकाला सांगत होता. त्याने मला घेतले, डोळ्याला भिंग लावले आणि क्षणभर का होईना, गप्प झाला.

"हे स्विस आहे ना?" प्रितमने विचारले.

"ये, बघ." यज्ञेश्वरने भिंग त्याच्या हातात दिले. "डागाखाली बारीक आडवी रेघ दिसते? इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रेघ असते का? ही शिरोरेघ आहे. अक्षरं गेली, रेघ राहिली. एचएमटी जनता, देवनागरीतलं. आपल्या बंगळूरचं."

"मी काय बोलले?" काशीबाई म्हणाल्या. प्रितमने फोन खिशात घातला. आणि मी? मला माझे नाव परत मिळाले होते! त्या रेघेला धरून मी पुराच्या पाण्यातही लोंबकळत राहिलो होतो.

मग यज्ञेश्वरने झाकण उघडले. आतली कोरलेली खूण पाहून तो एकदम उभाच राहिला. "ही आमच्या बाबांची खूण! म्हणजे हे मास्तरांचं घड्याळ? सफाई होईपर्यंत बाकावर बसून राहायचे ते?" त्याने झाकण कपाळाला लावले. पण पुढच्याच क्षणी त्याचे नाक आक्रसले. माझ्या चाकांवर पांढरट, थिजलेला थर होता, आणि खवट खोबऱ्याचा वास सगळ्या दुकानात पसरला.

"कुणा शहाण्यानं यात खोबरेल ओतलंय?" तो कडाडला. "हे घड्याळ आहे की डोकं? थंडीत बाटलीतलं तेल गोठतं, तसं यातलंही गोठणार! चालेल कसं हे हिवाळ्यात?"

 आम्रपालीने आजीकडे पाहिले आणि मान खाली घातली. तिला सगळे कळले होते.

"मी घातलंय," काशीबाई म्हणाल्या. "दरसाल. गंजू नये म्हणून."

यज्ञेश्वरने हातातले झाकण खाली ठेवले. काशीबाईंचा चेहरा मला काचेतून कितीदा दिसला आहे, पण तसा कधी दिसला नव्हता. "म्हंजे शोक नव्हता तो," त्या हळूच म्हणाल्या. "यांच्या घड्याळाला मीच थांबवत होते."

त्या वेळी मला जीभ असती, तर मी सगळ्यांआधी बोललो असतो. पण माझे काम यज्ञेश्वरने केले. त्याने चिमट्याने एक चाक उचलले, पुसले, दिव्यापुढे धरले. मग दुसरे. मग तिसरे.

"मावशी, हे पुरात होतं?"

"गाळात होतं. तिथंच सापडलं."

त्याने खालचा खण ओढून पुढे ठेवला. त्यात पुरातून आलेली घड्याळे होती, तांबड्या गंजाची ढेकळे झालेली. माझे भाऊबंदच ते. "ही सगळी माझ्याकडे आली ती अशी. एकही उठलं नाही. आणि तुमच्या घड्याळाच्या एका चाकाला गंज नाही. तेलाचा थर होता म्हणून पाणी पोलादाला लागलंच नाही." तो जरा थांबला. "मघाशी शहाणा म्हणालो, ते मी मागे घेतो. घड्याळात खोबरेल घालू नये, हे खरंच. पण तुम्ही ते घातलं नसतंत तर हे आज या खणात असतं."

ऐकलेत ना मित्रांनो? ज्या तेलाने मला थांबवले, त्याच तेलाने मला वाचवले. त्या बाईंचे दोन्ही हात मी माझ्या इवल्या काट्यांनी धरले असते.

यज्ञेश्वरने विचारले, "आता सांगा. धुऊन साफ करू, की तसंच झाकण लावून देऊ? साफ केलं तर हिवाळ्यात थांबणार नाही. तुमचं घड्याळ आहे, तुम्ही म्हणाल तसं."

 काशीबाई माझ्या उघड्या पोटाकडे बघत होत्या. बाहेर स्टँडच्या बाजूने एसटीचा हॉर्न आला. आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"ज्या माणसानं माझ्यासाठी गाडी थांबवली नाय," त्या म्हणाल्या, "अर्ध्या बांगड्या हातात घेऊन धावले मी, तरी दोरी वडली, तो स्वतःसाठी घड्याळ थांबवील व्हय रे? भांडला असता माझ्याशी. कर साफ."

आणि त्या हसल्या. हसता हसता रडल्या. आम्रपालीने त्यांना धरले.

माझी सफाई त्यांच्या डोळ्यांसमोर झाली. यज्ञेश्वरने मला पार सुटे केले. इतके की पांढऱ्या कागदावर मला मीच ओळखू येईना. एकेक चाक धुतले, खडे पुसले, सुईच्या टोकाने जिथे हवे तिथेच घड्याळाचे तेल टेकवले. काच नवी बसवली. तबकडी नवी रंगवून देतो म्हणाला, तेव्हा मात्र काशीबाईंनी हात आडवा केला. "ती रेघ जाईल." डाग राहिले. ते मी आता पदकासारखे मिरवतो. शेवटी यज्ञेश्वरने झाकणाच्या आत वडिलांच्या खुणेखाली आपली खूण कोरली आणि मला काशीबाईंच्या हातात दिले. पहिली चावी त्यांनी दिली. मी असा चाललो, जणू शिवथरची गाडी सुटायची आहे.

मास्तरांचा दिवस उजाडला तेव्हा कडाक्याची थंडी होती. खिडकीतल्या बाटलीत खोबरेल पांढरे झाले होते. तुडीलची माणसे आली, तुळसा आली, आणि सवयीने सगळ्यांनी आधी मलाच पाहिले. माझा सेकंदकाटा ठणठणीत फिरत होता.

"अगो काशीबाय," तुळसा दचकून म्हणाली, "आज ते चालू कसं?"

"आज त्याची ड्युटी हाय," काशीबाई म्हणाल्या. आणि मग, न लपवता, सगळ्यांदेखत त्यांनी खोबरेलाची गोष्ट सांगितली. राजेंद्र आधी हसला आणि मग आईच्या पाया पडला. मास्तरांच्या इतक्या आठवणी त्या दिवशी निघाल्या, जितक्या माझ्या थांबण्याने कधीच निघाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीने मला कालिंदीबाईंच्या घड्याळाशेजारी धरले. दोन काटे बरोबर चालले. "घाल," त्या म्हणाल्या. तो एक शब्द मला कुठल्याही पदकाहून मोठा वाटला.

मित्रांनो, तुमच्या घरातही आजोबांचे, पणजोबांचे एखादे घड्याळ कुठल्याशा डब्यात पडले असेल. त्याला बाहेर काढा. नाव पुसले असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना फोनपेक्षा जास्त आठवते. जाणत्या घड्याळजीकडून सफाई करून घ्या, आतडी फेकून सेल घालू नका. चावी रोज द्या, ताण लागला की थांबा. आणि खोबरेल? ते डोक्याला लावा! ज्यांनी ते घातले त्यांच्यावर मात्र रागावू नका. त्यांनी वस्तू नाही, माणूस जपलेला असतो.

आता बोलणे पुरे. आज सकाळी चावी देऊन झाल्यावर काशीबाईंनी आम्रपालीपुढे आपला हात धरला. "माझी बघ, चालू हाय का." आम्रपालीने बोटे टेकवली, माझ्याकडे पाहिले आणि मोजले. मी एकही सेकंद चुकू दिला नाही.

"चालू आहे, आजी. अगदी ठीक."

"मग पळ," काशीबाई म्हणाल्या.

पोलादपूरची गाडी लागली आहे, मित्रांनो. ती कुणासाठी थांबत नाही, आणि मीही नाही.